‘पाऊलजोड’ सापडत नाही

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

आजही फोन नाही.

आधी वाटलं मोबाइलच बिघडला. नवऱ्याला, प्रणितला, ऑफिसातून कॉल करायला लावला — वाजला. म्हणजे मोबाइल ठीक आहे. काल विसर्जनाची सुट्टी म्हणून सोडून दिलेलं, पण त्याच्या आधीचा आठवडाही असाच गेला. आमचे कारागीर भगवानकाका म्हणाले, गणपतीत कोण बूट शिवायला टाकतंय, आता येतील. दिवसभर तेही मशीनला तेल घालत बसलेले. एकाच मशीनला किती तेल घालायचं!

१९ सप्टेंबर

कारण कळलं. नाशिकच्या एक बाई आहेत, मुलाचे बूट दरवर्षी आमच्याकडून नेतात. त्यांचा फोन आला. जरा चाचरतच बोलत होत्या. म्हणाल्या, ताई, राग मानू नका, तुमचं नाव शोधलं तर काहीतरी सट्ट्याचं येतंय. धंदा बदललात का?

त्या बोलत असतानाच दुसऱ्या फोनवर शोधलं. ‘पाऊलजोड डोंबिवली’. आमचीच साइट आली, आणि तिच्या पोटाखाली तीन पत्ती, सट्टा, आजच जिंका. वर बारीक अक्षरात — ही साइट हॅक झालेली असू शकते.

बाईंना काय उत्तर दिलं आठवत नाही.

२० सप्टेंबर

सुमित आलेला. प्रणितचा मावसभाऊ, साइट त्यानेच केलेली, तीही घरचं काम म्हणून, फुकटात. तासभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मग म्हणाला, वहिनी, कोणीतरी मागच्या दाराने घुसलंय. आपल्या साइटच्या आत शेकडो पानं घालून ठेवलीत, सगळी जुगाराची. आपण उघडली तर दिसत नाहीत. फक्त सर्चला दिसतात.

विचारलं, आमच्यासारख्यांच्या साइटमध्ये घुसून कोणाला काय मिळणार? तो म्हणाला, माणूस नसतो त्यात, मशीन फिरत असतं. उघडं दार दिसलं की आत.

दार उघडं कसं राहिलं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फुकटात केलेल्या कामाचा जाब कसा विचारणार?

२२ सप्टेंबर, रविवार

काम नाही, म्हणून लिहिते. हे सगळं काय होतं ते कुठेतरी असू दे.

माझा डावा पाय आखूड. जन्मापासून. लहानपणी बाबा मुंबईला न्यायचे, तिथे एक काळा, विटेसारखा जड बूट मिळायचा. वर्गात मी यायच्या आधी माझा आवाज यायचा. म्हणून पुढे बुटांचा कोर्स केला. बाबा म्हणालेले, बीकॉम कर. नाही केलं. स्वतःसाठी एक जोड शिवला, बघितल्यावर कळणार नाही असा. मग कोणीतरी आपल्या पोरासाठी मागितला, आणि ते सुरू झालं. वाकडी पावलं, लहान-मोठे पाय, पोलिओ, साखरेच्या आजारात बोटं गेलेली म्हातारी माणसं. प्रत्येकाच्या पायाचं माप घेऊन वेगळा फर्मा, म्हणजे पावलाचा साचा, करायचा, त्यावर भगवानकाका चामडं ओढून शिवणार.

गाळा मानपाड्याला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत. एका बाजूला रंगाचं गोदाम, दुसरीकडे लेथचा कारखाना. रस्त्यावरून चालता चालता गिऱ्हाईक यावं अशी ती जागाच नाही. जे आले ते शोधून आले. आया शोधायच्या. ‘मुलाचा पाय आत वळतो बूट कुठे मिळेल’. ‘एक पाय छोटा चप्पल’. त्या ज्या शब्दांत लिहितील त्याच शब्दांत मी साइट लिहिलेली. शुद्धलेखनाच्या चुकांसकट! सहा वर्षं त्या आयांना मी सापडत होते.

२७ सप्टेंबर

सुमितने सगळी पानं उपटून काढली. पासवर्ड बदलले. ‘आम्ही साफ केलं, परत तपासा’ असा अर्ज सर्चवाल्यांना टाकला. आता वाट बघायची.

४ ऑक्टोबर

अर्ज नाकारला. कुठलंतरी एक फोल्डर राहिलेलं, त्यातून रातोरात परत तीच पानं उगवली. सुमितचा आवाज रडवेला. मीच त्याची समजूत घातली.

५ ऑक्टोबर

काही नाही.

९ ऑक्टोबर

आज एक फोन आला. धावत घेतला. माणूस म्हणाला, पैसे अडकलेत, जिंकलो तरी काढता येत नाहीत, तुम्ही लोक चोर आहात. मी सांगत होते की दादा, आम्ही बूट शिवतो. तो शिव्या देत राहिला. भगवानकाकांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

१६ ऑक्टोबर

दुसरा अर्ज मंजूर! ती बारीक अक्षरातली ओळ गेली. सुमितने पेढे आणले. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढे ठेवले. प्रणित म्हणाला, संपलं एकदाचं.

संध्याकाळी शोधून बघितलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्या नाही. बघत गेले. सहाव्या पानावर, एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाखाली — आम्ही.

सहाव्या पानापर्यंत कोण जातं? ज्याचं पोर चालत नाही अशी आईसुद्धा जात नाही. तिला वाटतं, नसेलच कुठे मिळत.

१७ ऑक्टोबर

सुमित म्हणतो, वहिनी, विश्वास एकदा गेला की सर्च हळूहळू परत घेतं. महिने लागतात. कधी कधी घेतच नाही. हे शेवटचं वाक्य तो फार हळू बोलला.

२३ ऑक्टोबर

आमच्या जागी कोण बसलंय ते आज नीट बघितलं. ठाण्याचे मोकाशी. खास पायांसाठी खास बूट. साइट नवी, उन्हाळ्यातली. माझे शब्द टाइप केले की तेच वर येतात. ‘एक पाय छोटा चप्पल’ — मोकाशी. ‘मुलाचा पाय आत वळतो’ — मोकाशी.

त्यांची साइट आली आणि आमची गेली. हा योगायोग? प्रणितला म्हटलं तर तो म्हणाला, काहीही बोलू नको, सुमितने सांगितलंय ना मशीन असतं म्हणून. मशीनला कोणीतरी पाठवतं की नाही?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळी गेली. भगवानकाकांना बोनस म्हणून काय दिलं ते लिहायची लाज वाटते. त्यांनी डोक्याला लावून घेतलं. त्यांच्या बायकोने, मालनकाकूंनी, चकल्या पाठवल्या. आमच्याकडून त्यांना जायला हव्या होत्या.

६ नोव्हेंबर

आई आज ओट्याजवळ कोलंबी सोलत होत्या. मी नुसतीच उभी होते. त्यांनी चाळीस वर्षं डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकली, त्याआधी मोठागावातून टोपली घेऊन हिंडायच्या. वर न बघता म्हणाल्या, “गिराईक येत नाय तं आपुन जावाचं. टोपली डोक्यावर घ्यावाची न् हिंडावाचं. रडून मासली खपते का?”

ओरडल्यासारखं बोलल्या. पण नंतर माझ्या ताटात कोलंबी जास्त होती.

११ नोव्हेंबर

कार्डं छापली. आज कल्याण, कळवा, ठाणे. हाडांचे डॉक्टर, मुलांचे डॉक्टर, फिजिओथेरपीवाले. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या मुलीनेच कार्ड घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. एके ठिकाणी मला पेशंट समजून नंबर दिला. माझी चाल बघून.

कळव्याला एका डॉक्टरांनी आत बोलावलं. चांगले होते. माझा बूट बघितला, नमुन्यांचे फोटो बघितले. म्हणाले, साइट आहे का, म्हणजे पेशंटना सांगायला बरं. मी नाव सांगितलं. त्यांनी तिथेच फोनवर शोधलं. वर सरकवलं, खाली सरकवलं. मग फोन माझ्याकडे वळवून म्हणाले, “दिसत नाही हो.”

मी म्हटलं, पत्ता टाइप केला तर उघडते. ते म्हणाले, हो हो. कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

जिना उतरताना मधेच बसले. पायासाठी नाही.

१९ नोव्हेंबर

मोकाशींच्या दुकानात जाऊन आले. घरी सांगितलं नाही.

नौपाड्यात, आतल्या रस्त्यावर. मला वाटलेलं काचेचं, एसीचं असेल. छोटं आहे, स्वच्छ. स्वतः मोकाशी साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, खालच्या स्टुलावर बसलेले. मी गिऱ्हाईक म्हणून गेलेले. कसे आहेत, कसं काम करतात, चेहऱ्यावर काही दिसतं का, ते बघायला. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, डावा बूट काढायला सांगितला.

बूट हातात घेतला. उलटा केला. टाचेच्या आत अंगठा दाबून बघितला.

“कोणी केला हा?”

मी म्हटलं, डोंबिवलीत.

“डोंबिवलीत कोणी?”

नाव लक्षात नाही म्हटलं.

“उंची सगळी बाहेर दिलेली नाही. अर्धी आत लपवली आहे. हे मला जमत नाही.” इतक्या सहज बोलले, जशी काही पावसाची चौकशी. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. “त्यांच्याकडेच का नाही जात तुम्ही?”

“ते आता सापडत नाहीत,” मी म्हटलं.

बूट घातला आणि निघाले. ते मागून काहीतरी म्हणाले, ऐकलं नाही. परत येताना डोक्यात एकच — जमत नाही म्हणतो आणि माझी माणसं घेतो! ज्याला जमत नाही त्याच्याकडे त्या आया जातायत.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. शाई लावून घरी आले आणि पाप केलं. इथे तरी तोच शब्द लिहिते.

नेटवर मोकाशींच्या दुकानाच्या नावाखाली एक स्टार दिला. ‘संचिता’ या नावाने. लिहिलं — मुलीचे बूट पंधरा दिवसांत उसवले, पैसे वाया गेले, कोणी जाऊ नये. कोण संचिता, कुठली मुलगी! बोटं आपोआप चालत होती. बटण दाबलं तेव्हा छातीत मोकळं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

२२ नोव्हेंबर

त्यांनी उत्तर लिहिलंय, खाली, सगळ्यांना दिसेल असं. ‘ताई, या नावाची नोंद आमच्याकडे सापडत नाही. पण बूट उसवले असतील तर घेऊन या. कोणाकडून घेतलेत ते विचारणार नाही, नीट करून देतो. मुलीला अनवाणी ठेवू नका.’

पुन्हा पुन्हा वाचलं. काढून टाकावं म्हणून उघडलं आणि तसंच बंद केलं. का, ते माहीत नाही. काढलं तर लिहिलेलं खोटं होतं असं होईल, ठेवलं तर खरं होतं असं होईल. दोन्हीची भीती वाटली.

२ डिसेंबर

सहावं पान. मग सातवं. आता मी बघत नाही.

८ डिसेंबर, रविवार

प्रणितने आज बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाला, वर्षाली, माझ्या पगारावर घर चालेल, गाळा नाही चालणार. तू म्हणशील तर आणखी थोडे दिवस ओढू. पण तू सांग कशाच्या भरवशावर.

मी हिशेबाची वही मिटली.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनीही काही म्हटलं नाही. त्यांना नेहमी काहीतरी म्हणायचं असतं.

१३ डिसेंबर

भगवानकाकांना सांगायचं ठरवून गेले, तर त्यांनीच सुरुवात केली. शहाडला बॅगांचा कारखाना आहे, तिथे शिलाईला बोलावतायत. “पोरी, तू नाही म्हणालीस तर नाही जाणार.” म्हणजे त्यांना आधीपासून कळलेलं, माझ्या तोंडून निघायची वाट बघत होते. मी म्हटलं, जा काका. ते म्हणाले, रविवारी सुट्टी असते तिथे, तुला कधी लागलं तर.

मग दोघांनी मिळून फर्मे पुसले. प्रत्येकावर नाव लिहिलेलं आहे. नाशिकच्या मुलाचे पाच, दरवर्षीचा एक, एकापेक्षा एक मोठा. काका म्हणाले, हा आता मिशीला आला असेल.

त्याची आई परत फोन करणार नाही. जुगारवाल्यांना कोण करेल?

३० डिसेंबर

गाळा रिकामा केला. मशीन आणि फर्मे टेम्पोने घरी, गॅलरीत. ‘पाऊलजोड’ची पाटी गाळ्याबाहेरून उतरवताना एक स्क्रू निघेना. लेथवाल्याने येऊन काढून दिला. इतकी वर्षं शेजारी, नाव आज कळलं, पोपटराव. ते म्हणाले, ताई, तुमच्याकडे येणारी पोरं आता कुठे जाणार?

मी ठाणे म्हटलं.

१ जानेवारी २०२५

सगळ्यांनी शुभेच्छा पाठवल्या. उत्तरं दिली नाहीत. उठावंसंच वाटलं नाही. आईंनी चहा खोलीत आणून दिला, लग्नानंतर पहिल्यांदा. आजारी माणसाला देतात तसा.

७ जानेवारी

एका शाळेत ऑफिसच्या कामाची जागा आहे. अर्ज दिला. शेवटी बाबांचं बीकॉम असतं तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

फोन. मुरबाडहून. माणसाच्या मुलीचा एक पाय मोठा, दुसरा अगदी लहान, आणि बोटं आत दुमडलेली. मी म्हटलं, गाळा बंद आहे. तो म्हणाला, बंद असला तरी एकदा बघा. दुपारी घेऊनच आला. आठ वर्षांची. पाय पुढे करायला तयार नव्हती. मी आधी माझा बूट काढून दाखवला, मग तिने मोजा काढला.

माप घेतलं. गॅलरीत, मशीनशेजारी बसून. कुठून कळलं ते विचारायचं राहून गेलं. सर्च परत घेतंय की काय!

१७ जानेवारी

सुमितला साइटचे आकडे बघायला लावले. म्हणाला, वहिनी, काल साइटवर कोणीच आलेलं नाही. महिनाभरात आलेले बहुतेक आपणच.

मग त्या कळव्याच्या डॉक्टरांनी कार्ड दिलं असेल. काचेखाली ठेवलेलं ते.

१९ जानेवारी, रविवार

भगवानकाका आले. मुरबाडच्या मुलीचा बूट ओढला. दोनदा उसवून परत शिवला. बॅगांच्या कारखान्यात सगळं सरळ शिवायचं असतं म्हणाले, हात कंटाळतो.

एका जोडाने काय होणार आहे? पण दिवस बरा गेला.

२८ जानेवारी

आणखी एक. वाड्याचे आजोबा, पोलिओचा पाय, घोट्यातून पूर्ण फिरलेला. फोनवर एवढंच म्हणाले की तुमच्याकडेच होईल असं सांगितलंय. कोणी, ते विचारेपर्यंत रेंज गेली. रविवारी येतायत.

दोघेही अवघडातले अवघड. सोपे पाय माझ्याकडे येतच नाहीत. देवाची ही कसली चेष्टा? शाळेकडून अजून उत्तर नाही. प्रणित म्हणतो, नको म्हणतील तर बरंच आहे. असं तो का म्हणाला ते विचारलं नाही.

कळव्याच्या डॉक्टरांना फोन करून आभार मानले. ते म्हणाले, कोण पाऊलजोड?

९ फेब्रुवारी, रविवार

चिपळूणच्या बाई आल्या, कडेवर मुलगा, दोन्ही पावलं आत वळलेली. या वेळी आधी विचारलं — माझा पत्ता कोणी दिला?

म्हणाल्या, ठाण्याला मोकाशींकडे गेलेलो. त्यांनी पाय बघितला आणि म्हणाले, माझ्या हातून बिघडेल, डोंबिवलीला एक बाई आहेत, स्वतःचा बूट स्वतः करणाऱ्या, त्यांच्याकडे न्या. आमच्या आधी एका आजोबांनाही तिकडेच पाठवलं.

मी विचारलं, नंबर कुठे मिळाला त्यांना?

“ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी कुठेही न बघताच, तोंडपाठ सांगितला.”